पुढची उजवी कॉइल

त्या सकाळी चहाचं पातेलं विजेच्या शेगडीच्या कॉइलवर ठेवलं, बटण फिरवलं, लाल दिवा लागला आणि मी तोंड धुवायला गेले. परत आले तर पाणी तसंच. बोट बुडवून पाहिलं, गार. पातेलं उचलून कॉइलवर तळहात धरला, मग धीर करून बोट टेकवलं. तीही गार. दिवा मात्र जळत होता.

मागे घरमालकीण उभी होती. कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही.

"काऊन मॅडम, चहा नाही झाला का?"

"कॉइल गरम होत नाही ताई."

"कालपर्यंत त चालू होती," ती म्हणाली. मग जरा थांबून, "काही जड ठेवलं होतं का तिच्यावर?"

मी नाही म्हणाले. तिने मान डोलावली, पण तिची नजर माझ्या कुकरवर गेली होती. तिच्याच कॉइलवर माझा चहा करून तिने मला दिला. मी तो उभ्याउभ्याच प्याले आणि ड्यूटीवर गेले. दिवसभर ते "कालपर्यंत त चालू होती" माझ्या कानात होतं.

मी तेव्हा देवरीच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून नुकतीच रुजू झाले होते. क्वार्टर रिकामं नव्हतं, म्हणून बसस्टँडच्या मागच्या गल्लीत खोली घेतली. घरात घरमालकीण, तिची म्हातारी सासू, जिला मी आजी म्हणायचे, आणि महिन्यातले थोडेच दिवस घरी असणारा नवरा. त्याचा स्वतःचा ट्रक होता, रायपूरकडे फेऱ्या असायच्या. शेतीही बरी होती, ती बटईने दिलेली. माझ्या खोलीला स्वयंपाकाची सोय नव्हती. तिच्याऐवजी मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, ती शेगडी होती.

शेगडी म्हणजे आपल्याकडे दुकानात मिळते तशी नव्हे. कपाटाएवढी, पांढरी, वर चार कॉइल आणि खाली ओव्हन. राज्याच्या सीमेपलीकडच्या कुठल्याशा कारखान्याचं गेस्ट हाऊस मोडीत निघालं, तिथे परदेशी इंजिनियर राहून गेलेले, तिथून घरमालकाने ती ट्रकमध्ये टाकून आणली होती. छतावर सोलर लागल्यापासून घरचा सगळा स्वयंपाक त्याच शेगडीवर व्हायचा. "ऊन फुकट आहे, त गॅस कायले जाळायचा?" असं तो म्हणायचा. ओव्हन कोणी वापरत नसे. त्यात पापडाचे डबे होते. चार कॉइलपैकी दोन मोठ्या घरमालकिणीच्या. मागची डावी लहान कॉइल आजीच्या दुधाची. पुढची उजवी, तीही लहान, माझी. पहिल्या दिवशीच तसं ठरवून दिलं होतं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. वाटून दिलेलं असलं की भांडण होत नाही, असंच मला वाटलं.

वडिलांना मात्र वाटलं होतं. गोंदियात त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. खोली मिळाली हे सांगायला फोन केला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "आडनाव विचारलं का?"

"नाही."

"काऊन नाही विचारलं?"

"मला काय माहीत बाबा."

"बेटा, न विचारता खोली देणारा माणूस एक त बहुत भला असते, नाही त त्याने दुसरीकडून आधीच विचारून घेतलेलं असते."

आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीपासून. वडिलांनी उमेदवारीच्या वयात गोंदियात खोली शोधताना जे पाहिलं, ते त्यांनी आम्हाला कधी सविस्तर सांगितलं नाही. पण कोणी दार उघडलं की ते आधी त्या माणसाच्या डोळ्यांकडे बघतात, ही सवय त्यांना तिथूनच लागली असणार. मी म्हणायचे, बाबा, आता तसं राहिलं नाही. माझ्या टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती होती. घरमालकिणीने ती पाहिली होती आणि "छान आहे" म्हणाली होती. हे वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "आजकाल शोकेसमध्ये कोणीही ठेवते."

मी त्यांना हसले खरी. पण फोन उचलताना आमच्यात जो नमस्कार करतात तो मी त्या घरात हळू आवाजात करत असे, हेही खरं.

संध्याकाळी परत आले आणि सहज बटण फिरवलं, तर कॉइल लाल झाली. आधी थोडी चरचरली, मग नीट तापली. मी भात लावला. घरमालकीण आली, बघितलं आणि म्हणाली, "चालू आहे की हो." तिच्या बोलण्यात काही नव्हतं. तरी मला वाटलं, ती मनात म्हणत असेल, सकाळी हिला बटण फिरवता आलं नसेल.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गार. मग एक वेळ चालू, एक वेळ बंद. कधी पातेलं ठेवल्यावर कॉइल फटकन आवाज करायची आणि मागून जळकट वास यायचा. एकदा तर घरातला मेनच पडला, आणि आजी आतून ओरडली, "कोनं काय लावलं?" मी काहीच लावलं नव्हतं. नुसतं बटण फिरवलं होतं.

इतर तीन कॉइल एकदाही रुसल्या नाहीत. हे माझ्या लक्षात येऊ लागलं आणि एकदा लक्षात आलं की मग दुसरं काही दिसेना. बिघाड माझ्याच जागी का? मी ड्यूटीवर गेले की इथे कोण काय करतं? आजी आणि तिची सून आपसांत पोवारीत बोलायच्या. आजीचे पूर्वज माळव्यातून आले, हे ती अभिमानाने सांगायची, आणि ती बोली घरात जपलेली होती. मला तिच्यातलं अर्धंमुर्धं कळायचं. आधी ती ऐकायला गोड वाटायची. आता त्या बोलता बोलता हसल्या की मी खोलीत कान देऊन बसू लागले.

एक गोष्ट मी तेव्हाच पाहिली होती, पण तिचा अर्थ लावला नव्हता. प्रत्येक कॉइलखाली एक खोलगट पत्र्याची वाटी असते, उतू गेलेलं तिच्यात पडतं. इतर तिन्ही वाट्या दुधाने, वरणाने करपून काळ्या पडलेल्या. माझी वाटी आरशासारखी लखलखीत. घरमालकीण किती टापटिपीची, माझी कॉइलसुद्धा पुसून ठेवते, असं वाटून मला उलट बरंच वाटलं होतं.

आता मी त्या वाटीत मुद्दाम तांदळाचा एक दाणा टाकला आणि कामावर गेले. संध्याकाळी कॉइल उचलून पाहिली. दाणा नव्हता. वाटी चकचकीत होती आणि तिच्या कडेला पाण्याचा थेंब होता.

म्हणजे कोणीतरी रोज माझी कॉइल उपसून काढत होतं. मला घरमालकिणीचा संशय आला. मला वाटलं, आजीच्या कॉइलचा बिघाड ती गुपचूप माझ्या माथी मारते आहे. किंवा मी कंटाळून खोली सोडावी, अशी तिची इच्छा आहे. तोंडाने सांगायला नको म्हणून ही तऱ्हा. रात्रीचं जेवण ती अजूनही कधीमधी वाटीतून द्यायची, वांग्याची भाजी, नाहीतर लाखोरीच्या डाळीचं वरण. मी ती वाटी घ्यायचे, धुऊन परत करायचे, आणि परत करताना ती माझी वाटी कुठे ठेवते ते बघायचे. ती घरच्या भांड्यांतच ठेवायची. मग मला वाटायचं, मी समोर आहे म्हणून ठेवते.

त्या रविवारी घरमालकीण बाजाराला गेली. आजी आत पडली होती. मी मेन बंद केला, वडिलांनी नोकरीला लागताना दिलेला मीटर काढला आणि फोन स्टुलावर ठेवून, स्पीकर चालू करून वडिलांना लावला.

"बटणाचा स्विच गेला असेल," ते म्हणाले. "जुन्या शेगडीत तोच जाते पहिले."

"स्विच गेला तर कधीच चालणार नाही ना बाबा. ही मधून मधून चालते."

"मंग आधी कॉइल पाह्य."

कॉइल खाचेतून ओढली की सुटून हातात येते. तिच्या दोन टोकांना मीटरच्या पिना लावल्या. कॉइल आतून तुटलेली असती तर काटा हललाच नसता. तो नीट हलला.

"कॉइल चांगली आहे," मी म्हणाले.

"मीटरवर कायले भरोसा ठेवते? दुसऱ्या जागी लावून पाह्य. तिथं तापली त कॉइल बेकसूर. आन तिथली चांगली कॉइल तुझ्या जागी लाव. ती नाही तापली त जागाच खराब."

लहान मापाची दुसरी जागा एकच होती, मागची डावी. मी आजीची कॉइल काढून माझ्या जागी बसवली आणि माझी कॉइल आजीच्या जागी. मेन लावला. दोन्ही बटणं फिरवली. माझ्या जागेवर बसलेली आजीची कॉइल गारच राहिली. आजीच्या जागेवर माझी कॉइल थोड्याच वेळात लालबुंद झाली.

"जागा खराब," मी म्हणाले.

"मेन बंद कर आन सॉकेट खोल," वडील म्हणाले.

कॉइलची टोकं ज्यात जातात ते सॉकेट चिनी मातीचं असतं. ते काढायला मी खाली वाकले. स्क्रू गंजले होते. जोर लावून फिरवले तेव्हा सॉकेट हातात आलं. आतल्या पितळी पट्ट्या हिरव्या पडलेल्या, एक तर अर्धी जळालेली. आणि त्या पट्ट्यांच्या मागे करड्या रंगाचा लगदा साचून वाळला होता. मी तो नखाने काढला आणि बोटांत चोळला. चुलीची राख होती. तिच्यात चिंचेचा एक धागा चिकटलेला होता.

"काय दिसते?" वडिलांनी विचारलं.

"राख आहे बाबा. आणि चिंच. कोणीतरी कॉइल राखेने घासून, ओलीच परत लावत होतं. पाणी आत जाऊन सगळं गंजलं."

आमच्या हाताचा विटाळ राखेने घासून काढायची रीत वडिलांना ठाऊक होती, त्यांना पुढे काहीच विचारावं लागलं नाही. मलाही नाही. बाकी तीन वाट्या काळ्या का आणि माझीच लखलखीत का, ते सपरीत उकिडवं बसल्या बसल्या मला कळलं.

तेवढ्यात आजी दारात आली. मेन बंद झाल्याने आतला पंखा थांबला म्हणून उठली असेल. तिने शेगडीकडे पाहिलं.

"ती तिथं कायले लावली?"

"कोणती आजी?"

"तुझी. माझ्या जागी."

"बिघाड कुठे आहे ते बघत होते."

"काढ ते. माझं दूध तापते तिथं."

मी म्हणाले, "दूध तर तुमच्याच पातेल्यात तापतं ना आजी. कॉइल फक्त पातेल्याखाली असते."

"काढ म्हनलं नं."

मी काढली नाही. उठून उभी राहिले आणि राखेचं बोट तिच्यापुढे धरलं. "माझी कॉइल तुम्ही घासत होत्या का?"

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. वडिलांच्या बोलण्यात तुटक आलेल्या गोष्टींमध्ये लोक नाही म्हणायचे, दुसरंच काही कारण सांगायचे, पाहुणे येणार आहेत, खोली रंगवायची आहे. आजी सरळ म्हणाली, "हो. म्या घासली. तू गेली का रोज घासतो."

"का?"

"तू मासोळ्या करते."

"मी इथे आल्यापासून मासे केलेच नाहीत."

तिने थोडा विचार केला. "अंडे करते."

"तुमची सूनसुद्धा करते. तिची कॉइल घासता?"

ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. ऐंशीच्या घरातली बाई, हात काड्यांसारखे. त्या हातांनी ती रोज वाकून ती घट्ट बसलेली कॉइल उपसत होती, मोरीवर नेऊन घासत होती आणि परत आणून बसवत होती. केवढे कष्ट घेत होती. ते कष्ट डोळ्यांपुढे आले आणि मला जास्तच लागलं.

"आजी," मी म्हणाले, "मी दर रविवारी तुमची साखर तपासते. तुमच्या बोटातून रक्त काढते. माझा हात लागतो तेव्हा चालतं?"

"सुई त सरकारी आहे," ती म्हणाली.

हे ती चिडून बोलली नाही. अगदी समजावून सांगितल्यासारखं बोलली. मग वळून आत गेली.

स्टुलावरून वडिलांचा आवाज आला. फोन चालूच होता, त्यांनी सगळं ऐकलं होतं. "बेटा, मीटर आत ठेव. सामान बांध. मी गाडी घेऊन येतो."

"नाही बाबा."

"आता काय पाह्यचं राह्यलं?"

"आज गेले तर म्हणतील, शेगडी जाळून पळाली. आधी हे दुरुस्त करीन. मग जायचं का ते बघू."

ते म्हणाले, "असं सॉकेट तिथं मिळणार नाही. माझ्याजवळ असेल जुन्या मालात. तू हात नको लावू. मी घेऊन येतो."

घरमालकीण बाजारातून आली तेव्हा सॉकेट मी तसंच शेगडीवर मांडून ठेवलं होतं. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिची नजर त्याच्यावर गेली. मी तिला सांगितलं, राख दाखवली, आजी काय म्हणाली तेही सांगितलं. ती ऐकत असताना मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. वडील बघतात तशी.

"मले काहीच माहीत नव्हतं मॅडम," ती म्हणाली. "वाटी साफ दिसायची, त मले वाटे तुम्हीच धुता. दवाखान्यातल्या लोकांले सवय असते." मग ती आत गेली. पोवारीत तिचा आणि सासूचा आवाज चढलेला मी ऐकला. या वेळी मला जवळजवळ सगळं कळलं. सून म्हणत होती, लोकांपुढे मान खाली घालायला लावली. सासू म्हणत होती, माझ्या घरात मी काय घासायचं ते तू मला सांगू नकोस. सून म्हणाली, घर माझ्या नवऱ्याचं आहे. सासू म्हणाली, त्याला जन्म कोणी दिला.

घरमालकिणीला खरंच माहीत नव्हतं का, हे मला त्या भांडणातून कळलं नाही.

वडील दुकान बंद असायच्या दिवशी हायवेच्या बसने आले. मी त्यांना आणायला स्टँडवर गेले. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, जो ते लग्नाकार्यालाच घालतात, आणि हातात कामाची पिशवी. दारात घरमालकीण होती. वडिलांनी आमचा नमस्कार केला, मोठ्याने, शेजारच्या ओसरीवर ऐकू जाईल असा. ती गडबडली, हात जोडले आणि "राम राम जी" म्हणाली. मग म्हणाली, "या नं, बसा." त्यांनी पाणी मागितलं नाही आणि तिनेही लगेच आणलं नाही. तेवढा उशीर आम्ही दोघांनीही मोजला.

काम फार नव्हतं. जळालेली वायर कापली, नवी जाड वेष्टनाची वायर जोडली, नवं सॉकेट बसवलं. मी हात चालवत होते, ते पिशवीतून एकेक काढून देत होते. कॉइलची टोकं मी कानसीने घासून साफ केली. आजी आतल्या दारात पाट टाकून बसली होती आणि आमच्याकडे बघत होती. वडिलांनी तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. पण त्यांचं सगळं अंग तिच्याकडे लागलेलं होतं, ते मला दिसत होतं. कामात त्यांच्या हातून स्क्रू कधी पडत नाही. त्या दिवशी पडला.

मेन लावला. बटण फिरवलं. पुढची उजवी कॉइल हळूहळू तापली आणि लाल झाली.

"झालं," मी म्हणाले.

घरमालकीण पातेलं घेऊन आली. तिच्या कॉइल मोकळ्या होत्या. तरी तिने ते पातेलं माझ्या कॉइलवर ठेवलं. दूध, पाणी, साखर, आलं, सगळं त्यातच. चहाला उकळी येईपर्यंत वडील तिच्या हाताकडे बघत होते. आता ती कप कुठून काढते, हे त्यांना बघायचं होतं. तिने भिंतीवरच्या मांडणीतून स्टीलचे चार पेले काढले, सगळे एकसारखे. चहा ओतला. एक वडिलांना दिला, एक मला, एक स्वतःला घेतला. चौथा तिने आजीपुढे नेऊन ठेवला.

"घ्या," ती सासूला म्हणाली. मराठीत म्हणाली, आम्हाला कळावं म्हणून.

आजीने पेल्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उठली, पाट उचलला आणि आत गेली. पेला तिथेच राहिला.

घरमालकिणीचा चेहरा लाल झाला. तिने आपला चहा गटागटा संपवला, इतका गरम की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वडिलांनी पेला बराच वेळ हातात धरला होता. मला वाटलं, ते ठेवून देतील आणि निघतील. त्यांनी तो प्यायला. पिऊन झाल्यावर पेला कुठे ठेवू असं विचारलं नाही, सरळ मोरीवर नेऊन तिच्या भांड्यांत ठेवला.

स्टँडवर बसची वाट बघताना मी विचारलं, "काय करू?"

"साखर जास्त होती चहात," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तुला राहायचं आहे का इथं?"

"क्वार्टर मिळेपर्यंत."

"राहा. पण वाटी बघत जा."

बघावी लागली नाही. माझी वाटी त्यानंतर इतरांसारखीच काळी पडत गेली. आजीने कॉइल घासणं सोडलं, पण शेगडीवरचं दूधही सोडलं. अंगणाच्या कोपऱ्यात तिने दोन विटा मांडून चूल केली आणि त्यावर स्वतःचं दूध तापवू लागली. पावसात भिजलेल्या काड्यांचा धूर व्हायचा, ती खोकायची. सून तिला आत बोलवायची, ती यायची नाही. रविवारी मात्र ती माझ्या खोलीच्या दारात येऊन बोट पुढे करायची, आणि मी साखर तपासायचे. नाही म्हणावंसं मला अनेकदा वाटलं. पण ते माझं काम होतं. आकडा सांगितला की ती विचारायची, "जास्त आहे का?" मी म्हणायचे, "हो. गोड कमी करा." एवढंच आमचं बोलणं.

घरमालकीण माझ्याशी पहिल्यापेक्षा जास्त बोलू लागली. माझ्या कॉइलवर ती मुद्दाम काहीबाही शिजवायची, आजी बघत असेल तेव्हा तर हटकून. ते माझ्यासाठी होतं की सासूला टोचायला, हे मला कधी ठरवता आलं नाही. मी तिने दिलेलं खायचे, तिला माझ्याकडचं द्यायचे, तिच्याबरोबर हसायचे. आणि तरी ती गप्प झाली की वाटायचं, आता काय चाललं असेल हिच्या मनात. संशय एकदा घरात शिरला की त्याला वेगळी खोली लागत नाही.

धान कापणीच्या सुमारास मला क्वार्टर मिळालं. सामान ऑटोत चढवताना घरमालकीण मदतीला आली. तिने मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, गादीला दोरी बांधली. आजी अंगणात चुलीपाशी होती. मी तिच्याजवळ जाऊन "येते आजी" म्हणाले. ती म्हणाली, "जाऊन राहिली का? मंग रविवारी कोन येईल?" मी म्हणाले, दवाखान्यात या. तिने मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही.

ऑटोपाशी घरमालकिणीने माझा हात धरला.

"मॅडम, एक सांगू? मले माहीत होतं."

"काय?"

"माय कॉइल घासते ते. तुम्ही आल्या त्याच हप्त्यात दिसलं होतं मले."

मी तिच्याकडे बघत राहिले. "मग बोलल्या का नाही?"

"मायले बोलली असती त घरात रोजचं भांडण. तुम्हाले बोलली असती त तुम्ही गेल्या असत्या." तिने हात सोडला नाही. "मी या घरात एकटी असतो मॅडम. हे बाहेर राह्यते. तुम्ही आल्या त संध्याकाळी कोनीतरी बोलाले भेटलं."

मला तिचा राग आला, आणि त्याच वेळी तिने हे आज तरी सांगितलं याचं बरंही वाटलं. ऑटोवाला हॉर्न वाजवू लागला होता. मी आत बसले. तिने माझ्या मांडीवर तांदळाची थैली ठेवली, नव्या सुवासिक चिनोरची, आणि म्हणाली, "भात मऊ नका करू, पानी कमी टाका."

क्वार्टरवर मी तो तांदूळ शिजवला. पहिल्यांदा पाणी जास्तच झालं.